बाल्डर्स गेट ३: वार सारखा हुकतोय? आधी हात तपासा, मग तलवार

तक्रार एकच असते, शब्द तेवढे बदलतात. "दादा, तीन वेळा मारलं, तीनही मिस." "एवढी भारी तलवार मिळाली, पण लागतच नाही रे." "गेम फासे खोटे टाकतो." कोथरूडला रविवारी आम्ही टेबलावर फासे घेऊन खेळतो. तिथं नव्यानं येणारी बरीच मुलं घरी बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम खेळत असतात आणि यातलं एखादं वाक्य घेऊनच येतात. गणपतीनंतर तर हमखास. नदीपात्रातल्या पथकाच्या सरावात गेम दीड-दोन महिने बंद पडलेला असतो. विसर्जन झालं की जुना सेव्ह उघडायचा, कोणाच्या हातात काय दिलं होतं ते आठवत नाही, आणि लेव्हल दोनची पार्टी (आपली टोळी) गॉब्लिनांपुढे हवेत तलवारी फिरवत बसते.

फासे खोटे नाहीत. सेटिंगमध्ये कार्मिक डाइस नावाची सोय मुळातच चालू असते आणि सलग अपयशाची रांग तोडणं हेच तिचं काम. शस्त्रंही सहसा वाईट नसतात. शस्त्र चुकीच्या हातात असतं, एवढाच बहुतेक वेळा घोळ असतो. शस्त्र निवडताना आपण डॅमेजचा मोठा आकडा वाचतो, आणि वार लागला तरच तो आकडा कामाला येणार हे मागे राहतं. दुरुस्ती दहा मिनिटांची आहे. ती न केल्यामुळे पहिल्याच अंकात गेम सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण हा गेम शिकवतो फार छान, फक्त आकडे वाचायची सवय लागेपर्यंत धीर धरावा लागतो.

शत्रूवर कर्सर ठेवा

वार करण्याआधी कर्सर शत्रूवर नेला की हिट चान्स टक्क्यांत दिसतो. हा आकडा न बघता क्लिक करू नका. साठच्या वर असेल आणि तरी हुकला, तर ते नशीब. साठ टक्क्यांवर सलग तीन वार हुकण्याची शक्यतासुद्धा सहा टक्क्यांच्या वर असते, लांबलचक लढाईत ते घडणारच. पण आकडा पस्तीस असेल तर सलग तीन वार हुकणं साधारण दर चार वेळांतून एकदा होणार. त्याला नशीब म्हणत नाहीत.

आकडा येतो कुठून? वीस बाजूंचा फासा, त्यात क्षमतेचा (स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी वगैरे) मॉडिफायर, त्यात प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे ते शस्त्र चालवता येत असेल तर मिळणारी भर. बेरीज शत्रूच्या एसीएवढी (आर्मर क्लास, म्हणजे वार चुकवण्याचा त्याचा आकडा) किंवा जास्त झाली की वार लागला. फाशावर १ पडला तर काही केल्या हुकतो, २० पडला तर लागतोच आणि डॅमेजचे फासे दुप्पट होतात. मॉडिफायर काढायला क्षमतेतून दहा वजा करा आणि निम्मे करा, अर्धा आला तर खाली सोडा. म्हणजे १६ असो की १७, मिळतात तीनच. १३ ला एक, १० ला शून्य, ८ ला उणे एक. प्रोफिशियन्सी बोनस लेव्हल ४ पर्यंत +२, पाचपासून +३, नवापासून शेवटच्या बाराव्या लेव्हलपर्यंत +४. हे सगळं डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतून आलेलं आहे, त्यामुळे टेबलावर खेळणाऱ्यांना ओळखीचं वाटेल.

वार करून झाल्यावर लढाईच्या नोंदीत त्या ओळीवर कर्सर ठेवा. फासा किती पडला, त्यात काय काय मिळवलं, सगळं सुटं करून दाखवतो. तिथं दोन गोष्टी शोधायच्या: क्षमतेचा आकडा शून्य किंवा उणे आहे का, आणि प्रोफिशियन्सीची भर मुळात पडली आहे का. निम्म्याहून जास्त तक्रारी इथंच सुटतात.

गेलच्या हातात ग्रेटसोर्ड

हे उदाहरण नीट मांडतो, कारण सगळा हिशेब त्यात येतो. एसी १५ चा शत्रू समोर आहे असं धरू. गेल हा आपल्या टोळीतला विझर्ड, म्हणजे जादूगार. त्याची स्ट्रेंग्थ ८, डेक्स्टेरिटी १३, इंटेलिजन्स १७. कुठूनतरी ग्रेटसोर्ड मिळाली. डॅमेज दोन सहा-बाजूंचे फासे, सरासरी सात. दिसायला जबरदस्त. पण विझर्डला ग्रेटसोर्डची प्रोफिशियन्सी नाही, म्हणून +२ मिळत नाही, आणि स्ट्रेंग्थचा उणे एक उलट कापला जातो. फाशावर १६ किंवा वर हवा. पंचवीस टक्के. वार लागला तर सरासरी डॅमेज सहा, म्हणजे दर वारामागे पदरात दीड.

तोच गेल साधा लाइट क्रॉसबो घेऊन उभा राहिला तर प्रोफिशियन्सीचे दोन आणि डेक्स्टेरिटीचा एक असे +३ होतात, १२ पडला तरी लागतो, पंचेचाळीस टक्के. डॅमेज सरासरी साडेपाच, पदरात साधारण अडीच. आणि त्यानं नुसता फायर बोल्ट (आगीची जादू) टाकला तर इंटेलिजन्सचे तीन धरून +५, पंचावन्न टक्के, पदरात तीन. फायर बोल्टला पैसेही लागत नाहीत आणि स्पेल स्लॉटही (जादू टाकायचा मोजका साठा) खर्च होत नाही. म्हणजे ज्या तलवारीवर जीव जडला होता तिच्या दुप्पट काम कँट्रिप, म्हणजे अशी फुकटची जादू, करतं. गेलच्या हातातली काठी मारण्यासाठी नसते. पुढे जादूची ताकद वाढवणाऱ्या काठ्या मिळतात, त्या धरायला म्हणून ती सवय चांगली.

प्रोफिशियन्सी नसली की आणखी एक नुकसान होतं, ते पटकन लक्षात येत नाही. या गेममध्ये शस्त्राबरोबर खास वार मिळतात, प्रत्येक छोट्या विश्रांतीला एकदा वापरता येणारे: क्लीव्ह, लॅसरेट, टॉपल असे. प्रोफिशियन्सी नसेल तर ते मिळतच नाहीत. खालच्या पट्टीवर ही बटणं दिसत नसतील तर तोच पुरावा समजा.

कोणत्या क्लासला (पात्राच्या पेशाला) काय चालतं याचा ढोबळ हिशेब असा: फायटर, पॅलाडिन, रेंजर आणि बार्बेरियन यांना सगळी साधी आणि मार्शल शस्त्रं येतात, त्यांची काळजी नको. विझर्ड आणि सॉर्सररला मोजकी: डॅगर, क्वार्टरस्टाफ, लाइट क्रॉसबो. बाकीचे मधे कुठंतरी. वंशामुळेही भर पडते. एल्फना लाँगसोर्ड, शॉर्टसोर्ड आणि दोन्ही धनुष्यं, गिथयांकींना शॉर्टसोर्ड, लाँगसोर्ड, ग्रेटसोर्ड, आणि माणसांना व हाफ-एल्फना भाला, पाइक, हॅल्बर्ड, ग्लेव्ह आणि ढालसुद्धा. डॅगर आणि क्वार्टरस्टाफ ही दोन शस्त्रं मात्र बाराही क्लासना चालतात. आमच्यात मर्दानी खेळातली लाठी फिरवणारी एक मुलगी आहे, तिनं आपल्या मंकला पहिल्या दिवसापासून क्वार्टरस्टाफ दिली आणि सगळे "साधी काठी काय घेतेस" म्हणत राहिले. तिचं बरोबर होतं. एका हातात सहाचा फासा, दोन्ही हातांनी धरली तर आठाचा, शिवाय शत्रूला पाडणारा टॉपल फुकट.

अ‍ॅस्टेरियन आणि लाँगसोर्ड: सगळ्यात फसवा सापळा

इथं जरा थांबा, कारण प्रोफिशियन्सी बघायला शिकलेली मंडळीही इथं अडकतात.

अ‍ॅस्टेरियन टोळीतला एल्फ आहे, रोग (चोरट्या वारांचा क्लास) आहे. लाँगसोर्डची प्रोफिशियन्सी त्याला दोन्हीकडून मिळते. टूलटिपमध्ये (वस्तूवर कर्सर नेला की दिसणाऱ्या माहितीत) कुठलीही तक्रार दिसत नाही. आठाचा फासा, डॅगरच्या चाराच्या फाशाच्या दुप्पट. म्हणून देऊन टाकली. आणि मग तो सारखा हुकतो.

कारण असं की जवळून मारायची शस्त्रं स्ट्रेंग्थवर चालतात, आणि अ‍ॅस्टेरियनची स्ट्रेंग्थ ८ आहे. त्याची सगळी ताकद डेक्स्टेरिटीत, तीही १७. डेक्स्टेरिटी कामाला येते ती फक्त फिनेस लिहिलेल्या शस्त्रांत: डॅगर, शॉर्टसोर्ड, सिमिटार, रेपियर. (धनुष्य आणि क्रॉसबो तर डेक्स्टेरिटीवरच चालतात.) लाँगसोर्ड फिनेस नाही. एसी १५ समोर लाँगसोर्डनं त्याचा बोनस +१, म्हणजे पस्तीस टक्के. रेपियरनं +५, म्हणजे पंचावन्न. फासा दोन्हीचा आठाचाच! डॅमेजमध्येही लाँगसोर्डला उणे एक, रेपियरला अधिक तीन.

एवढ्यावर भागत नाही. रोगचा स्नीक अटॅक फिनेस किंवा लांबून मारायच्या शस्त्रानंच होतो. लाँगसोर्ड हातात असेपर्यंत तो बंद. पहिल्या लेव्हलला स्नीक अटॅक म्हणजे सहाचा एक फासा, पुढे दर दोन लेव्हलला एक वाढतो. रोग निवडायचं निम्मं कारण तेच असतं. आणि तो मिळवायला लपावंच लागतं असंही नाही. शत्रूच्या अगदी जवळ आपला कोणी उभा असेल आणि वारावर डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी धरायची अट) नसेल तरी चालतो.

म्हणून टूलटिपमध्ये दोन ओळी वाचायच्या, एक नाही: प्रोफिशियन्सी आहे का, आणि फिनेस लिहिलंय का. अपवाद आहेत. अंडरडार्कमध्ये (जमिनीखालच्या प्रदेशात) फालार अलूव्हे नावाची लाँगसोर्ड मिळते, तिच्यावर फिनेस लिहिलेलं आहे, ती अ‍ॅस्टेरियनला खुशाल द्या. नावावर जाऊ नका, ओळ वाचा.

शॅडोहार्टचं काय करायचं

"शॅडोहार्टला काहीच लागत नाही" ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर वेगळं लिहिणं भाग आहे. ती टोळीतली क्लेरिक, म्हणजे देवाच्या भक्तीतून जादू करणारी. तिच्या हातातली मेस (गदा) बरोबर आहे, क्लेरिकला चालते. स्ट्रेंग्थ १३, म्हणजे +१. एकूण +३, एसी १५ समोर पंचेचाळीस टक्के. ती पहिल्यापासून फायर बोल्टही टाकू शकते, म्हणून लोक तोच टाकत राहतात, आणि तो तर आणखी वाईट: वंशामुळे मिळालेला तो फायर बोल्ट इंटेलिजन्सवर चालतो आणि तिची इंटेलिजन्स १० आहे. चाळीस टक्के. गेलच्या हातून पंचावन्न टक्क्यांनी लागणारी तीच जादू तिच्या हातून चाळीस होते.

तिची ताकद विझडम, १७. मग तिला विझडमचं काम द्या. गायडिंग बोल्ट +५ नं जातो, चार सहा-बाजूंचे फासे डॅमेज, आणि लागला तर त्या शत्रूवरच्या पुढच्या वाराला दोन फाशांतला मोठा धरायची सोय, म्हणजे अ‍ॅडव्हांटेज. त्याहून माझ्या मते पहिल्या अंकातला सगळ्यात मोलाचा स्लॉट ब्लेसवर जावा: तिघांच्या प्रत्येक वारात चाराचा एक फासा मिळवला जातो, सरासरी अडीच, म्हणजे तिघांचाही हिट चान्स बारा-साडेबारा टक्क्यांनी वर. कुठलीही +१ तलवार पाच टक्क्यांपलीकडे काही देत नाही, आणि ती एकालाच देते. ब्लेसला लक्ष टिकवावं लागतं, म्हणून ती ब्लेस टाकून मागे राहिली तर उत्तम.

तिनं मेस घेऊन पुढे जाऊन लढावं अशीच तुमची इच्छा असेल तर विदर्स नावाच्या पात्राकडे जा. पडक्या देवळाखालच्या तळघरात तो सापडतो, आणि नाही सापडला तर पुढे आपण होऊन कॅम्पात येतो. शंभर नाण्यांत कुणाच्याही क्षमता नव्यानं वाटून देतो. शंभर म्हणजे काहीच नाही, चार गॉब्लिनांची लूट विकली की वसूल.

शस्त्र बरोबर, तरी टक्के कमी

मग दोष शस्त्रात नाही, पण तपासणी तीच. पहिला संशय चिलखतावर. ज्या चिलखताची प्रोफिशियन्सी नाही ते अंगावर असेल तर प्रत्येक वाराला डिसअ‍ॅडव्हांटेज, म्हणजे दोन फासे आणि त्यातला कमी धरायचा. पंचावन्न टक्क्यांचे थेट तीस होतात. शिवाय जादूही करता येत नाही, त्यामुळे गेलच्या बाबतीत हे लगेच कळतं, पण अ‍ॅस्टेरियनच्या अंगावर मध्यम वजनाचं चिलखत घातलं असेल तर आठवडाभर कळत नाही. चेन शर्ट आणि चेन मेल यांत तर फारच गल्लत होते: पहिलं मध्यम, दुसरं जड. शॅडोहार्टला पहिलं चालतं, दुसरं नाही. चित्रं जवळजवळ सारखी दिसतात, तेव्हा चित्र बघून घालू नका.

दुसरं, धनुष्य ताणून उभा असलेल्याच्या अगदी पुढ्यात शत्रू आला की त्याच्या बाणाला डिसअ‍ॅडव्हांटेज लागतो. दोन पावलं मागे सरकायचा मोह होतो, पण मागे सरकताना शत्रूला फुकटचा वार मिळतो. अशा वेळी जवळचं शस्त्र उपसा. प्रत्येकाला जवळचं आणि लांबचं असे दोन संच देता येतात ते याचसाठी.

उंचीचा फरक सोपा आहे. वरून मारलं तर +२, खालून वर मारलं तर उणे २. म्हणजे एकूण वीस टक्क्यांची उलथापालथ, फक्त कुठं उभे आहात त्यावर. गॉब्लिन कायम वर चढून बसतात, त्याचं कारण हेच.

लेझेल आणि कारलॅक या टोळीतल्या दोन लढवय्यांबद्दल एक सूचना. दोघींची स्ट्रेंग्थ १७. लांबच्या शत्रूसाठी लोक त्यांना धनुष्य देतात, आणि ते डेक्स्टेरिटीवर चालतं, म्हणून लेझेलचे +५ चे +३ होतात. त्याऐवजी पिशवीत चार-पाच जॅव्हलिन ठेवा आणि फेका. फेकण्याचं काम स्ट्रेंग्थवर होतं, सहाचा फासा आणि वर तीन. लढाई संपली की आठवणीनं उचलून घ्या.

लेव्हल ४ ला ग्रेट वेपन मास्टर ही फीट (खास कौशल्य) घेतलेल्यांची तक्रार वेगळी असते: "काल लागत होतं, आज लागत नाही." पट्टीवरची त्याची खूण बघा. ती चालू असेल तर प्रत्येक वाराला उणे ५ आणि लागला तर अधिक १० डॅमेज. पंचावन्नाचे तीस. दुबळ्या एसीच्या शत्रूंवर, ब्लेस असताना, वरून मारताना चालू ठेवा. चिलखत घातलेला समोर आला की बंद करा. हे सतत चालू-बंद करायचं असतं हे कुणी सांगत नाही.

दोन हातांत दोन शस्त्रं घ्यायची असतील तर खास फीट घेतल्याशिवाय दोन्ही लाइट हवीत: डॅगर, शॉर्टसोर्ड, सिमिटार, हँडअ‍ॅक्स. रेपियर आणि डॅगर अशी जोडी म्हणून जमत नाही. डाव्या हाताचा वार त्या पाळीतली छोटी जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन खातो.

ढाल की दोन्ही हातांनी तलवार? लाँगसोर्ड दोन्ही हातांनी धरली तर आठाऐवजी दहाचा फासा, सरासरी एकाची वाढ. ढाल घेतली तर एसी दोननं वर. सुरुवातीच्या लेव्हलना मी ढालच घ्यायला सांगतो. लेझेलला मात्र ग्रेटसोर्डच शोभते, आणि सुरुवातीच्या नॉटिलॉइड जहाजावरच्या झाल्कच्या हातातली जळती तलवार मिळवता आली तर ती तिचीच.

सांगाडे समोर आले तर मेस, हातोडा, काठी काढा, आदळणाऱ्या शस्त्रांनी त्यांना दुप्पट लागतं.

चौघं मिळून खेळत असाल तर

मित्रांबरोबर ऑनलाइन खेळताना जो आधी पेटी उघडतो त्याच्या पिशवीत शस्त्र जातं आणि तोच ते घालतो. कुणी वाईट हेतूनं करत नाही, लाजेपोटी कुणी मागतही नाही, आणि मग सॉर्सररकडे मॉल (भला मोठा हातोडा) आणि पॅलाडिनकडे डॅगर असा संसार उभा राहतो. कॅम्पात गेल्यावर एकदा सगळ्यांनी आपापली पिशवी उघडून मोठ्यानं वाचा. "अरे, हे फिनेस आहे, तुझ्या रोगला घे" असं कुणीतरी म्हणेलच. उरलेलं एमराल्ड ग्रोव्हमध्ये लोहार डॅमनला किंवा अ‍ॅरनला विका.

जुने गेम खेळायला घेतलेत तर हे नियम घेऊन जाऊ नका

यातून बाहेर पडून लोक जुन्या गेमांकडे वळतात आणि तीच तक्रार नव्यानं सुरू होते. १९९८ चा पहिला बाल्डर्स गेट डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालतो. तिथं एसी जितका कमी तितका चांगला, डेक्स्टेरिटी जवळच्या वाराला काहीच देत नाही, आणि क्लेरिकला धारदार शस्त्रं मुळातच बंद, मेस, हातोडा, गोफण असलीच चालतात. २००२ च्या नेव्हरविंटर नाइट्समध्ये आणि पाथफाइंडर या टेबलावरच्या दुसऱ्या खेळावर बेतलेल्या किंगमेकर व रॅथ ऑफ द रायचस या गेममध्ये रेपियर हातात असून भागत नाही, वेपन फिनेस ही फीट घ्यावी लागते, तेव्हा कुठं डेक्स्टेरिटी वाराला लागू होते. आणि तरीही डॅमेज स्ट्रेंग्थवरच राहतो. पाथफाइंडरच्या त्या दोन गेमांत प्रोफिशियन्सी नसेल तर नुसता बोनस जात नाही, उणे ४ बसतात. जवळच्या झटापटीत बाण मारला तर आणखी उणे ४, प्रिसाइज शॉट घेतलेला नसेल तर. त्या गेमांत आपला धनुर्धारी सारखा हुकत असेल तर पुढच्या लेव्हलला सगळ्यात आधी पॉइंट ब्लँक शॉट आणि त्याच्या पाठोपाठ प्रिसाइज शॉट घ्या. पहिली घेतल्याशिवाय दुसरी मिळत नाही.